पडदा सापडला नाही

विवाह हा दोन जिवांचा आणि दोन घराण्यांचा पवित्र संबंध असल्यामुळे त्याची नोंद तीन प्रतींत ठेवावी लागते. पहिली प्रत कार्यालयात, दुसरी कपाटात आणि तिसरी, पहिल्या दोन हरवल्या तर सापडावी म्हणून, कुठे ठेवली आहे हे कुणालाही न सांगता. कर्वेनगरच्या पश्चिम पुणे विवाह-परिचय मंडळाने हे तत्त्व स्थापनेपासून म्हणजे १९६८ सालापासून पाळलं होतं आणि या काळात मंडळाची एकही नोंद गहाळ झाली नव्हती. (लग्नं फारशी झाली नव्हती, पण तो वेगळा विषय आहे.)

मंडळाचे मानद कार्यवाह शरच्चंद्र आठल्ये हे दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. ठराव झाल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. पत्नी गेल्यापासून घरात ते आणि त्यांची मुलगी तनया असे दोघंच. तनया हिंजवडीच्या एका कंपनीत संगणक अभियंता होती. वय एकतीस, उंची पाच फूट दोन इंच, नोंदणी क्रमांक ११४७. नोंदणी १९९७ सालची. सहा वर्षांत त्रेचाळीस कुटुंबांनी तिचा फोटो पाहिला होता आणि त्रेचाळीस कुटुंबांनी 'नंतर कळवतो' म्हणून सांगितलं होतं.

एखाद्या कुटुंबाने 'नंतर कळवतो' म्हटलं की मंडळाकडून मुलीच्या वडिलांना छापील पोस्टकार्ड जात असे : 'आपल्या पाल्याचा योग सदर स्थळाशी जुळत नसल्याचे कळविण्यास खेद होतो. पुढील प्रयत्नांस शुभेच्छा.' हा मजकूर शरच्चंद्रांनीच तयार केला होता, आणि तो इतका सभ्य होता की पुण्यातल्या आणखी दोन मंडळांनी तो विचारून घेतला होता. नियमाला अपवाद नसतो. कार्यवाह या नात्याने शरच्चंद्रांनी शरच्चंद्र आठल्ये यांना अशी त्रेचाळीस पत्रं पाठवली. सही करून पेटीत टाकायची, दोन दिवसांनी पोस्टमनकडून घ्यायची, वाचायची आणि फाईलला लावायची. न वाचता त्यांनी एकही लावलं नाही. प्रत्येक वेळी वाचून झाल्यावर ते थोडा वेळ गॅलरीत उभे राहत, आणि मग तनयाला विचारत, "आज भाजी काय करू?"

१९९९ साली मंडळाने एक शास्त्रशुद्ध पाहणी केली होती. तिच्यात असं दिसून आलं की स्थळ पाहायला आलेलं कुटुंब पत्रिकेवर सरासरी सहा मिनिटं घालवतं, पगारावर दोन मिनिटं आणि फोटोवर चार सेकंद. निर्णय मात्र त्या चार सेकंदांत होतो, बाकीचा वेळ तो कसा सांगायचा यात जातो. अर्जाच्या शेवटी 'छंद' आणि 'अपेक्षा' असे दोन रकाने होते. त्यांवर कुणीही वेळ घालवल्याचं आढळलं नाही. पाहणीचा निष्कर्ष म्हणून मंडळाने फोटो मोठ्या आकारात घ्यायला सुरुवात केली.

पुढे संगणकाचं युग आलं. मंडळाने संगणक घेतला, सगळे फोटो त्यात उतरवले आणि मूळ फोटो जागेअभावी ज्याचे त्याला परत पाठवले. दोन वर्षं सुखात गेली. मग २००३ सालच्या वार्षिक सभेत एका वयस्कर सभासदांनी उभं राहून विचारलं, "मुलांचे चारित्र्याचे दाखले मागणारं आपलं मंडळ स्वतः चोरीच्या सॉफ्टवेअरवर चालतं, हे खरं का?"

इतिवृत्तात या ठिकाणी 'सभा काही काळ अंतर्मुख झाली' अशी नोंद आहे.

अंतर्मुखतेतून बाहेर आल्यावर कुणीतरी लिनक्सचं नाव घेतलं. ही प्रणाली जगभरच्या विद्वानांनी मिळून तयार केली असून ती कुणालाही कायदेशीररीत्या फुकट मिळते, असं त्यांनी सांगितलं. कायदेशीर असून फुकट असलेली गोष्ट पुण्यात नाकारली गेल्याचं उदाहरण मंडळाच्या माहितीत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

संगणक मांडीवर घेऊन शरच्चंद्र रिक्षाने बुधवार पेठेत पोपटशेठच्या दुकानात गेले. पोपटशेठ टेपरेकॉर्डर, व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि संगणक अशा तिन्ही गोष्टी सारख्याच आत्मविश्वासाने दुरुस्त करत. तिसऱ्या दिवशी ते स्वतः संगणक घेऊन कर्वेनगरला आले. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं सरसर वर गेली, पडदा तीनदा लुकलुकला आणि पुन्हा काळा झाला. एक ओळ उरली. तिचा अर्थ होता, 'एकही पडदा सापडला नाही.'

"साहेब, चालू आहे," पोपटशेठ म्हणाले. "फक्त दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आतमध्ये सगळं आहे. तुमच्या सगळ्या नोंदी साध्या मजकुरात काढून ठेवल्यात, फोटो वेगळे ठेवलेत. आता वरचं चित्र, खिडक्या, बाण, ते तेवढं येत नाही. ते येईल. तुम्ही बसवा."

आणि ते गेले. इतक्या कमी शब्दांत इतकं खरं बोलणारा माणूस मंडळाच्या कामकाजात त्यानंतर आला नाही.

रात्री जेवताना शरच्चंद्रांनी ही हकीकत तनयाला सांगितली. ती चपाती मोडता मोडता म्हणाली, "बाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर चुकलाय. एका फाईलमध्ये एक शब्द बदलायचाय. पाच मिनिटांचं काम आहे. उद्या जाताना करून जाऊ?"

"नाही."

"का?"

"नियम नऊ. उमेदवाराने किंवा त्याच्या नातेवाइकाने नोंदवहीला हात लावायचा नाही. तू उमेदवार आहेस."

"आणि तुम्ही नातेवाईक आहात."

"कार्यवाह म्हणून बसतो तेव्हा मी कुणाचा नातेवाईक नसतो."

तनयाने दुसरी चपाती घेतली. वडिलांशी वाद घालण्यात अर्थ नाही हे तिला चाचणीअंती कळलेलं होतं.

अशा रीतीने जे काम पाच मिनिटांत होणार होतं ते नियमानुसार करायचं ठरल्यामुळे त्यासाठी 'पडदा-दुरुस्ती उपसमिती' नेमण्यात आली. तिने आठ महिन्यांत चौदा बैठका घेतल्या. एवढ्या चिकाटीने काम केलेली उपसमिती मंडळाच्या इतिहासात दुसरी नाही.

उपसमितीने प्रथम तक्रारीचं मूळ तपासलं. समोर पंधरा इंची पडदा असताना 'पडदा सापडला नाही' असं संगणक म्हणतो, याचा अर्थ त्याला तो दिसत नसणार. म्हणून पडदा उचलून संगणकाच्या डब्यासमोर, त्याच्याकडे तोंड करून ठेवण्यात आला. फरक पडला नाही. मग टेबलाची दिशा बदलली, माऊस बदलला, कळफलक निरमाच्या पाण्याने पुसला, प्रणाली चार वेळा नव्याने टाकली. (चौथ्या वेळी पडदा तीनऐवजी चारदा लुकलुकला. 'आशादायक' असा शेरा आहे.)

यानंतर, चित्र येत नाही तोवर ते कोणतं यावं यावर चर्चा सुरू झाली. लिनक्समध्ये दर्शनी सजावटीचे दोन संच मिळतात, असं पुस्तकात होतं. एकाचं चिन्ह दातेरी चाक, दुसऱ्याचं पाऊल. पाऊल म्हणजे लक्ष्मीचं पाऊल, विवाहमंडळाला शोभणारं, असं चौघांचं मत पडलं आणि विषय संपतच आला होता. पण अध्यक्षांनी भिंगाने पाहिलं तेव्हा पावलाला चारच बोटं निघाली. शुभकार्यात व्यंग चालेल का, यावर दोन बैठका खर्ची पडल्या. अखेर चार विरुद्ध तीन मतांनी चाक ठरलं. मागे चित्र गणपतीचं लावायचं, पण देवाच्या अंगावर फायली ठेवायच्या नाहीत, उजवीकडे ठेवायच्या, असंही ठरलं. संगणक बंद करणं हे विसर्जन धरायचं का, हा मुद्दा जाणकारांच्या मतासाठी राखून ठेवला.

या सगळ्या काळात पडदा काळाच होता.

मुख्य अडचण परवलीच्या शब्दाची होती. सुरक्षिततेसाठी तो तीन तुकड्यांत विभागून अध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार यांच्याकडे एकेक तुकडा दिला होता, आणि खजिनदार मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला गेले होते. तिघांचे तुकडे तिघांनाही पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होते. परंतु ठाऊक असणं आणि अधिकृतरीत्या ठाऊक असणं यांत फरक आहे, आणि संस्था त्या फरकावर चालतात.

शरच्चंद्र हातावर हात ठेवून बसणारे नव्हते. लिनक्सवाल्यांचा इंटरनेटवर एक कट्टा असतो आणि तिथे अडचण मांडली की जगभरातून उत्तरं येतात, असं त्यांना कळलं. त्यांनी कोथरूडच्या सायबर कॅफेत बसून अर्ज लिहिला. प्रति, प्रभारी अधिकारी, लिनक्स. विषय, पडदा न सापडणेबाबत. महोदय. अर्जाला संदर्भ क्रमांक होता, मंडळाचा पस्तीस वर्षांचा इतिहास होता आणि शेवटी 'तसदीबद्दल क्षमस्व' होतं. दुसऱ्या दिवशी ब्राझीलमधून एकाचं उत्तर आलं. त्यात चार अक्षरं होती : आर टी एफ एम.

शरच्चंद्रांनी ती कागदावर उतरवून घरी आणली.

तनयाने कागद पाहिला आणि ताक पिण्याच्या निमित्ताने चेहरा पेल्यामागे नेला. "'पुस्तिका वाचावी' असं म्हणतायत, बाबा."

"आर म्हणजे वाचा, एम म्हणजे पुस्तिका, ते समजलं. मधला एफ कशाचा?"

"तो आदरार्थी आहे," तिने त्या इंग्रजी शिवीचं भाषांतर केलं.

शरच्चंद्रांना बरं वाटलं. परक्या देशातल्या माणसाने इतक्या अदबीने उत्तर द्यावं याची त्यांनी इतिवृत्तात नोंद केली, आणि दोनशे बारा पानी पुस्तिका वाचायला घेतली.

इकडे कार्यालय बंद ठेवून चालणार नव्हतं. तिथे श्यामलाबाई दातार नावाच्या लिपिक होत्या. वय चोपन्न. पूर्वी एका वकिलाकडे टंकलेखनाला होत्या, त्यामुळे कळफलकाची भीती नव्हती आणि माणसांचीही. काळ्या पडद्यासमोर बसलेल्या पहिल्या दिवशी बाहेर सात कुटुंबं खोळंबली होती. श्यामलाबाईंनी तनयाला फोन लावला. फोनवरून बोलणं म्हणजे हात लावणं नव्हे, हे नियमात बसत होतं. तनयाने एकेक अक्षर सांगितलं, श्यामलाबाईंनी ते एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर उतरवून घेतलं. अकरा ओळी झाल्या. एक शब्द टाइप केला की हव्या त्या नोंदी समोर उभ्या राहत. त्या शब्दाचा उच्चार 'ग्रेप' असा होता, म्हणून श्यामलाबाई त्याला द्राक्ष म्हणत. "थांबा हं, द्राक्ष लावून बघते," असं म्हणून त्या दोन मिनिटांत स्थळ काढत. पूर्वी खिडक्या उघडण्या-मिटण्यात अर्धा तास जायचा.

फक्त फोटो दिसत नसत.

"अहो, फोटो?" लोक विचारत.

"पडदा नाहीये."

"मग आम्ही बघायचं काय?"

"मुलगी आहे की. बोलावते, भेटा."

लोक चिडत. पुणेकर असल्यामुळे लेखी चिडत. पण काय करणार? फोटो बघता येईना म्हणून मुलगी बघावी लागे. मुलगी बघायला जावं तर बसावं लागे. बसल्यावर गप्प किती वेळ राहणार, म्हणून बोलावं लागे. बोलता बोलता चहा निवे, दुसरा येई. शिवाय श्यामलाबाईंनी एक गैरप्रकार सुरू केला होता. फावल्या वेळात त्या द्राक्ष लावून कुणीही न वाचलेले ते शेवटचे दोन रकाने वाचत.

परिणाम गंभीर झाले. मंडळाची सरासरी वर्षाला नऊ विवाहांची. पडदा नसलेल्या पहिल्या सात महिन्यांत सव्वीस झाले. उपसमितीने या आकड्याची दखल घेऊन 'तांत्रिक बिघाडाच्या काळात झालेले विवाह' असं वेगळं परिशिष्ट जोडलं, आणि ही अनियमितता पडदा सुरू होताच आटोक्यात येईल अशी ग्वाही दिली.

सप्टेंबरमध्ये एका मंगळवारी श्यामलाबाईंनी शरच्चंद्रांना हाक मारली. "आठल्ये, हे बघा. मुलाचा छंद : जुने रेडिओ दुरुस्त करणे, बरेचसे होत नाहीत. असं कंसात स्वतःच लिहिलंय."

"मग?"

"आणि ११४७चा छंद : वस्तू उघडून बघणे. सहा वर्षं लिहिलेला आहे. तुम्ही वाचला होतात का कधी?"

 कार्यवाह म्हणून शरच्चंद्रांनी सगळ्या अर्जांवर 'तपासले' असा शिक्का मारला होता.

मुलगा अवधूत पाटणकर. वय चौतीस, लोणी काळभोरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत. शनिवारी तो आपल्या आईला, श्रीमती पाटणकरांना, घेऊन मंडळात आला. पहिली दहा मिनिटं रीतीप्रमाणे कठीण गेली. मग अवधूतची नजर काळ्या पडद्याकडे गेली.

"हे असं का आहे?"

"ड्रायव्हर चुकलाय," तनया म्हणाली.

"मग बदला ना."

"मी उमेदवार आहे. मला हात लावता येत नाही."

"अरे! मीपण उमेदवारच."

दोघं हात मागे बांधून त्या पडद्यासमोर पाऊण तास उभे राहिले. काय बिघडलं असावं, ते कसं शोधावं, शोधताना आणखी काय बिघडवता येईल, अशी चर्चा झाली. अवधूतने त्याच्या न झालेल्या दुरुस्त्यांपैकी सहा सविस्तर सांगितल्या. तनया हसत होती. शरच्चंद्र पलीकडे पुस्तिकेच्या एकशे चाळिसाव्या पानावर बोट ठेवून बसले होते. ते बोट पाऊण तास हललं नाही. घरात तो आवाज त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

पुढचे दोन महिने दर शनिवारी भेट झाली. श्रीमती पाटणकर दोनदा आठल्यांच्या घरी जेवून गेल्या. तनयाने त्यांनी बरोबर आणलेल्या घरघरणाऱ्या मिक्सरचा निदान आवाज तरी बदलून दिला. "मुलगी लाघवी आहे हो," त्या जाताना म्हणाल्या. "आमच्याकडून होच समजा. फक्त तो पडदा सुरू झाला की एकदा फोटो बघून घेऊ. औपचारिकता."

नोव्हेंबरात खजिनदार नातीचे फोटो घेऊन परतले. त्याच आठवड्यात शरच्चंद्रांची पुस्तिका संपली. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर ती ओळ होती. तिन्ही पदाधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाठ करून आपापले तुकडे टाइप केले, शरच्चंद्रांनी चष्मा पुसून ती फाईल उघडली आणि एक शब्द पुसून दुसरा लिहिला. पडदा एकदाच लुकलुकला. दातेरी चाक फिरलं. मग निळ्या प्रकाशात गणपती उमटला, आणि उजवीकडे, देवाला न शिवता, फायलींची रांग उभी राहिली. शरच्चंद्रांचे डोळे भरून आले. तनयाने फोनवर विचारलं, "किती वेळ लागला?" ते म्हणाले, "पाच मिनिटं."

रविवारी उद्घाटन झालं. नारळ, हार, पेढे. पहिल्या रांगेत श्रीमती पाटणकर, शेजारी अवधूत. अध्यक्ष म्हणाले की आठ महिन्यांच्या अंधारातून मंडळ आज प्रकाशात आलं आहे. प्रात्यक्षिक म्हणून एखादी नोंद उघडून दाखवावी अशी सूचना आली. शरच्चंद्रांनी माऊस हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना थोडं मिरवावंसं वाटलं. त्यांनी ११४७ उघडली.

तनयाचा फोटो पडदाभर आला.

श्रीमती पाटणकरांनी पाहिलं. एक, दोन, तीन, चार. शरच्चंद्रांना आकडे मोजायची सवयच होती.

"प्रत्यक्षात बरी वाटली होती," श्रीमती पाटणकर हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण प्रत्यक्षात माणूस फसतो. फोटोत कसं, स्वच्छ दिसतं." आणि पेढा पिशवीत ठेवत, "नंतर कळवते हं. नागपूरहून आमच्या वन्सं येतायत पुढच्या आठवड्यात, त्यांनाही दाखवू."

अवधूत उभा राहिला. "मला नंतर नाही कळवायचं," तो तनयाला सगळ्यांसमक्ष म्हणाला. "मी आत्ताच कळवतो. हो."

तनयाने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या आईकडे. ती अवधूतला म्हणाली, "तुमचं कळलं. पण ज्या घरात रोज कुणी मला असं बघणार आहे, तिथे मी येणार नाही. आईंना खरंच पटलं तर या." आणि तिने पेढ्यांचं ताट उचलून पुढच्या रांगेत फिरवलं, कारण अजून बारा माणसं राहिली होती.

रविवारी संध्याकाळी शरच्चंद्र कार्यालयात एकटे बसून नियमाप्रमाणे छापील पोस्टकार्ड भरू लागले. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. सहीपाशी पेन थांबलं. त्यांनी वरचा मजकूर पुन्हा वाचला. स्वतःचाच मजकूर होता, पण आजवर तो त्यांनी नेहमी घरी, वडील म्हणूनच वाचला होता. कार्यवाहाच्या खुर्चीत बसून वाचण्याची ही पहिलीच वेळ. कार्ड त्यांनी न फाडता उलटं करून ठेवलं. फाडायला ठराव लागला असता.

सोमवारी सकाळी अकरा वाजता श्यामलाबाईंनी संगणक लावला तेव्हा पडदा तीनदा लुकलुकला आणि काळा झाला. 'एकही पडदा सापडला नाही.'

"पुन्हा बिघाड झालेला दिसतो," शरच्चंद्र म्हणाले.

श्यामलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "दिसतो खरा," म्हणाल्या, आणि द्राक्ष लावलं.

शुक्रवारी पाटणकरांच्या नागपूरच्या वन्सं आल्या. नाव मथुराबाई, वय अठ्ठ्याहत्तर, कानात शिट्टी वाजवणारं यंत्र. "फोटो दाखवा," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या.

"बिघाड आहे," शरच्चंद्र म्हणाले. "मुलीला बोलावलंय. येईल इतक्यात."

तनया कंपनीतून तशीच आली. मथुराबाईंनी पत्रिका विचारली, तनयाने यंत्राची शिट्टी विचारली. पाच मिनिटांत ते कानयंत्र टेबलावर उघडं पडलं होतं. यंत्र उघडं असल्यामुळे मथुराबाईंना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यामुळे त्या पहिल्यांदाच कुणाचं न ऐकता समोरच्या मुलीकडे बघत बसल्या. पंधरा मिनिटं बघत होत्या. शिट्टी थांबली. यंत्र कानात गेलं.

"वन्सं, फोटो बघितला असता म्हणजे..." श्रीमती पाटणकर पुटपुटल्या.

"कसला फोटो? ही काय समोर बसलीय!" मथुराबाई म्हणाल्या. "तुझा फोटो बघून मी दादाला नको म्हटलं होतं. सांगितलं नाही इतकी वर्षं."

श्रीमती पाटणकरांनी ही माहिती पचवायला चार सेकंदांहून बराच जास्त वेळ घेतला. मग त्या उठल्या आणि तनयाच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. "माझ्या मिक्सरचा तो नवा आवाज अजून येतो गं," त्या म्हणाल्या. "घरी येऊन बघशील?"

लग्न माघात झालं. मंडळाच्या परिशिष्टात त्याचा क्रमांक एकतिसावा आहे.

लग्नानंतर उमेदवार न राहिल्यामुळे तनयाला संगणकाला हात लावण्याचा अधिकार मिळाला. माहेरपणाला आली असताना ती एकदा कार्यालयात बसली आणि ती फाईल उघडून पाहिली. मग शरच्चंद्रांच्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "बाबा, फाईल शेवटची कधी बदलली ते संगणकात लिहिलेलं असतं. सोमवारी सकाळी आठ वाजून बारा मिनिटं. कार्यालय अकराला उघडतं."

शरच्चंद्र जमाखर्चाच्या वहीत नसलेलं काहीतरी शोधू लागले. "इतिवृत्तात आहे का तसं?"

"नाही."

"मग बदललेली नाही."

तनयाने फाईल होती तशी बंद केली. पडदा आजही काळा आहे. उपसमिती कायम असून तिच्या पंचविसाव्या बैठकीची तारीख लवकरच ठरेल.

ही हकीकत मंडळात येणाऱ्यांना श्यामलाबाई आवर्जून सांगतात. ऐकणारे सगळे सुशिक्षित, पुढारलेल्या विचारांचे. ते श्रीमती पाटणकरांना हसतात, चार सेकंदांच्या गोष्टीला मान हलवतात, समाज कधी सुधारणार म्हणून उसासा टाकतात. मग जाताना दारापाशी वळतात आणि अगदी सहज विचारतात, "पण काय हो, ती फोटोत दिसते तरी कशी?" आजवर एकानेही दोघं सुखात आहेत का, हे विचारलेलं नाही.

आपण जाणते वाचक आहात, तेव्हा आपण असलं काही विचारणार नाही याबद्दल आमच्या मनात शंका नाही. फोटो पडदाभर आला, एवढंच लिहून आम्ही पुढे गेलो, त्या ओळीपाशी आपण जरासे रेंगाळला होतात. ते बहुधा छपाई पुसट असल्यामुळे असेल.